उतरणीचे फोटो

तापलेल्या दिव्यावर धूळ जळते तेव्हा एक कोरडा, किंचित गोडसर वास येतो. स्लाइड प्रोजेक्टर ज्यांच्या घरी होता त्यांना तो ठाऊक असेल. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या पिस्कॅटवेच्या घराच्या बेसमेंटमध्ये तो शनिवारी दुपारी भरून राही. त्यात कार्पेटचा दमटपणा मिसळे आणि जिन्यावरून खाली उतरणारा पोह्यांच्या फोडणीचा दरवळ. आजही कुठे धूळ जळाल्याचा वास आला, की बेसमेंटच्याही आधी मला गढवालमधली एक पायवाट दिसते, आणि पाठीवर गवताचा भारा घेऊन ती चढणारी बाई.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी पुण्याला आईकडे गेले होते, आणि तिथून कॉलेजातल्या तीन मैत्रिणींबरोबर गढवालच्या गावागावांतून पंधरा दिवस पायी हिंडले. कॅमेरा नवा होता. स्लाइड फिल्मचे रोल मी लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून नेले होते. मैत्रिणी पुढे जात आणि मी मागे राही, दगडी छपरांवर वाळत घातलेल्या लाल मिरच्यांसाठी, दारातल्या धुरासाठी, कुणाच्या तरी हातातल्या पितळी गडव्यावर पडलेल्या उन्हासाठी.

अशाच एका गावाच्या वर, वाट वळते तिथे, ती बाई खालून येताना दिसली. भारा तिच्याहून मोठा होता. मागे दरी निळी होत चालली होती आणि कलतं ऊन गवताच्या पात्यापात्यातून गाळून येत होतं. मी बटण दाबलं आणि त्याच क्षणी तिचे डोळे मिटले. मी म्हटलं, "एक बार फिर, दीदी." ती हसली, वळली, खालच्या वळणापर्यंत गेली आणि पुन्हा चढून आली. दुसऱ्या वेळी उन्हावर ढग आला. तिसऱ्या वेळी सगळं जुळलं होतं, पण तिची मान खाली होती. चौथ्या वेळी तिने मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

लहानपणापासून कविता लिहिण्याची सवय. एका शब्दासाठी ओळ चारदा मोडायची, पुन्हा बांधायची. तीच सवय मी डोंगरावर घेऊन गेले होते. कागदाच्या पाठीवर काही नसतं, एवढं साधं तेव्हा ध्यानात आलं नाही.

पिस्कॅटवेला परतल्यावर तिथल्या लायब्ररीतून फोन आला. गावातल्या हौशी लोकांच्या फोटोंसाठी त्यांनी महिनाभर एक भिंत मोकळी ठेवली होती, आणि प्रत्येकाने एकच फोटो द्यायचा होता, सोमवारपर्यंत. मला विचार करावाच लागला नाही. चौथ्या स्लाइडचा मोठा प्रिंट करून तो फ्रेममध्येही बसवला. या देशात आल्यापासून मी कुणाची तरी बायको नाहीतर कुणाची तरी आई होते. भिंतीवर माझं स्वतःचं काही लागणार, याची मला तहान होती.

त्या शनिवारी बेसमेंटमध्ये आम्ही सात-आठजण होतो. युनिव्हर्सिटीतले दोन विद्यार्थी पोह्यांच्या आशेने आले होते. शेजारीण तिच्या सासूबाईंना घेऊन आली होती. त्या महाडजवळच्या खेड्यातून सहा महिन्यांसाठी आलेल्या. आम्ही सगळ्या त्यांना मावशी म्हणायचो. सुती नऊवारीवर सुनेचा जाड कोट घालून त्या सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या.

"हिच्या हातात कॅमेरा आला की आमचा चहासुद्धा फोकस होईपर्यंत थांबतो," नवरा म्हणाला. सगळे हसले.

मी चारही स्लाइड्स क्रमाने दाखवल्या. मुद्दामच. चांगला फोटो कसा मिळवावा लागतो, हे मला समजावून सांगायचं होतं. इथे डोळे मिटले, इथे ऊन गेलं, इथे मान. प्रोजेक्टर प्रत्येक वेळी खट् करी आणि तीच बाई त्याच चढावर नव्याने उभी राही.

"काकू, हे तर पिक्चरचं शूटिंगच झालं यार!" एक विद्यार्थी म्हणाला. "रिटेकवर रिटेक!"

हसणाऱ्यांत मीही होते. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत. "मागं ने ग जरा," त्या म्हणाल्या. मी स्लाइड्स मागे नेल्या. त्यांनी बोटावर मोजलं.

"चार वेळा चढली व्हय?"

"हो मावशी."

"म्हणजे तीनदा उतरली. भारा पाठीवरच?"

मी आठवू लागले. तिने तो खाली ठेवल्याचं मला आठवेना.

"टेकवील कशी?" मावशींनी स्वतःच उत्तर दिलं. "एकदा टेकवला की परत पाठीवर द्यायला दुसरं माणूस लागतं. आमच्याकडं डोक्यावर घेतात, पण तेच. चढताना दम लागतो, तो बसतो मग. उतरताना गुडघे जातात, ते काय परत येत नाहीत." आणि अगदी सहज, फराळाची पाककृती विचारावी तसं त्यांनी विचारलं, "उतरतानाचा नाय काढलास?"

"आई, बघू दे ना त्यांना पुढचं," शेजारीण अवघडून म्हणाली.

मी पुढची स्लाइड लावली. देवळाची होती बहुधा. माझ्या डोक्यात एवढंच फिरत होतं, की दुसरं माणूस तिथे होतं. ते माणूस गुडघ्यावर बसून लेन्स पुसत होतं. त्या उन्हात लेन्सचं छिद्र किती उघडं ठेवलं, शटरचा वेग किती, हे मला आजही सांगता येईल. भारा किती जड होता, ते मी हात लावूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

रविवारभर फ्रेम जेवणाच्या टेबलावर पडून होती. मिरच्यांचा फोटो देता आला असता. देवळाचाही. सोमवारी सकाळी बर्फ भुरभुरत होतं. मी तीच फ्रेम चादरीत गुंडाळली, गाडीत ठेवली आणि देऊन आले. कुणी मला भाग पाडलं नव्हतं.

महिनाभर ती भिंतीवर होती. एकदा पांढऱ्या केसांच्या एका अमेरिकन बाईंनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, किती शांती आहे हो तिच्या चेहऱ्यावर! मी थँक्यू म्हटलं. पुढे आयुष्यात मी बरंच काही चुकीचं बोलले असेन, पण तो थँक्यू अजून घशाशी येतो.

फ्रेम घरी आली ती कपाटाच्या तळाशी, भिंतीकडे तोंड करून. माणसांचे फोटो मी त्यानंतरही काढले, पण कुणाला पुन्हा चालायला सांगितलं नाही. त्याचा त्या बाईला काय उपयोग? तिचं नाव मी विचारलं नव्हतं. गावाचं नाव वहीत लिहिलं होतं, तरी नंतरच्या इतक्या भारतवाऱ्यांत मी तिकडे गेले नाही. वेळ नव्हता, असं मी सांगत आले.

कधीतरी त्या चार स्लाइड्स खिडकीच्या उजेडात धरून पाहते. तिसरी आणि चौथी यांच्यामध्ये जे आहे, ते कुठल्याच फिल्मवर नाही. ती वर येऊन माझ्यासमोर थांबलेली. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नाही, दोन्ही हातांनी दोर धरलेला. ओल्या गवताचा हिरवा, कडसर वास आणि तिचा श्वास, अगदी जवळून. एकदा ती उताराकडे बघते, एकदा कलत्या उन्हाकडे. घरी जनावरं वाट पाहत असणार. मी एक बोट वर करते. तिच्या आवाजात राग नाही, तक्रारही नाही. आपल्याला नीट कळलंय ना, याची खात्री करून घ्यावी तसं ती मला विचारते,

"फिर?"