दोरीनं बांधलेला गुंड

पाण्याच्या गुंडावर झाकण वाजलं की मला ती सकाळ आठवते. मी शिडाच्या बोटीवर राहायला लागले त्या वर्षी आई आली होती, नळाला चार-चार दिवस पाणी नसतं त्या अकोल्याहून, सोबत हा हंड्यासारखा गुंड घेऊन. मी डेकवर शीड शिवत होते. खाली तिनं नळ सोडला आणि गुंड, पातेली, पेलेसुद्धा भरून ठेवले. बोटीच्या टाकीतलं आठवड्याचं पाणी संपलं. "आई, काहून भरलं एवढं?" "नळ आले तवा भरून घ्या लागते. उद्या नाई आले तं?" तेवढ्यात शेजारून मासेमारीचा ट्रॉलर गेला, त्याच्या लाटेनं बोट कलली आणि सगळं गोडं पाणी फळ्यांवर सांडलं. आई ते फडक्यानं टिपून पातेल्यात पिळत राहिली. आता टाकी काठोकाठ असली तरी मला चैन पडत नाही. तोच गुंड भरते, दोरीनं बांधते आणि घडीघडी झाकण उघडून पाहते.