मसुद्याची मागची बाजू

टायपिंग करणाऱ्या बाईंचा कॉम्प्युटर बटण दाबल्यावर अकरा मिनिटांनी जागा व्हायचा. आधी खोकायचा, मग घुरघुरायचा, मग काळा पडदा दाखवून विचारात पडायचा. ऑफिसात त्याला ‘थोरले’ म्हणत. “थोरले उठले का?” असं विचारल्याशिवाय वकीलसाहेब कोटसुद्धा काढत नसत.

त्या अकरा मिनिटांत बाई पेन्सिल घेऊन मसुदा पुढून-मागून वाचून काढत. मागून वाचणं भागच होतं. वकीलसाहेबांना खाडाखोडीचा तिटकारा. अशिलानं मत बदललं, की पुढचं वाक्य तसंच ठेवून नवं वाक्य ते कागदाच्या पाठीवर लिहीत, आणि पुढच्या बाजूला साधी खूणही करत नसत. एकतीस वर्षांत बाईंच्या नजरेतून एकही पाठ सुटली नव्हती. त्यामुळे त्यांनी टाइप केलेलं वकीलसाहेब पुन्हा वाचतच नसत.

वकीलसाहेबांच्या जावयाला मात्र थोरल्यांची दशा बघवेना. एका दुपारी त्यांनी काचेच्या अंगाची भलीमोठी पेटी आणून टेबलावर ठेवली. आत लाल, निळे, हिरवे दिवे फिरत होते.

“यात अख्खा सिनेमा तयार करता येतो, बाई.”

“इथे मृत्युपत्रं तयार होतात.”

“हो, पण उद्या गरज पडली तर?”

“मृत्युपत्रात गाणी घालायची?”

वकीलसाहेब वर्तमानपत्राआडून म्हणाले, “त्यांना बोलू नका, बाई. माझ्या मुलीबरोबर संसार करतायत, धीराचा माणूस आहे.”

थोरले माळ्यावर गेले.

दुसऱ्या दिवशी निवृत्त गुरुजी आले. पुढच्या सकाळी त्यांचं ऑपरेशन होतं, त्याआधी मृत्युपत्रावर सही व्हायला हवी होती. ते साक्षीदारांबरोबर आतल्या खोलीत बसले आणि त्यांची धाकटी बहीण बाहेर, बाईंच्या टेबलाशी.

बाईंनी बटण दाबलं. पेन्सिलीला हात लागायच्या आत पडदा उजळला. समोर पांढरं पान, शेजारी जावईबापू हातातल्या घड्याळाकडे बघत उभे.

“नऊ सेकंद,” ते म्हणाले.

कुणी दारात ताटकळत उभं असावं तशी बाईंची धांदल उडाली आणि त्या सरळ टाइप करत सुटल्या. राहतं घर पुतण्यास. बोटं क्षणभर अडखळली, पण मृत्युपत्र गुरुजींचं होतं, बाईंचं नव्हे.

छपाईचं यंत्र मात्र जुनंच होतं. ते कुरकुरत एकेक ओळ बाहेर ढकलू लागलं.

“एकोणीस वर्षं दादाकडे राहतेय,” बहीण हलक्या आवाजात म्हणाली. “त्याच्या माघारी त्याचा पुतण्या मला तिथे ठेवायचा नाही. दादाला विचारायला जीभ रेटत नाही. तुम्हाला काही कळलंय का हो?”

बाईंना कळलं होतं आणि सांगता येत नव्हतं. त्यांना बहिणीच्या तोंडाकडे बघवेना. कुठेतरी बघायचं म्हणून त्यांनी मसुदा हातात घेतला, आणि हाताला सवय होती म्हणून तो उलटा झाला.

मागे वकीलसाहेबांचं बारीक अक्षर होतं: घर बहिणीस. पुतण्यास फक्त लाकडी कपाट.

बाईंनी अर्धं बाहेर आलेलं पान असं ओढलं की यंत्र किंचाळलं.

“काय झालं?” जावईबापू दचकले.

“पान तिरकं जात होतं.”

त्यांनी ओळ सुधारली. पेटीनं ती डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलून दिली, हे बाईंनी मनातल्या मनात कबूल केलं.

आतून आवाज आला. “बाई, एवढं सिनेमाचं यंत्र आणलंय आणि दोन पानं होईनात?”

“छापतेय, साहेब.”

“दोष छपाईच्या यंत्राचा आहे,” जावईबापूंनी निदान केलं. “उद्याच बदलू. मिनिटाला चाळीस पानं देणारं मिळतं.”

“त्याला हात लावाल, तर मी घरी बसेन,” बाई म्हणाल्या. इतक्या शांतपणे, की जावईबापू एक पाऊल मागे सरकले.

पानं आत गेली, सह्या झाल्या, आणि गुरुजी काठी टेकत बाहेर आले.

“घर तुझं,” ते बहिणीला म्हणाले. “पुतण्याला कपाट. आता रोजचे सुस्कारे बंद.”

बहिणीनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “हे आधी सांगायला काय झालं होतं?”

“आधी सांगितलं असतं तर तू पडदे बदलले असतेस. मला घरी परत तर येऊ दे.”

निघताना तिची नजर पेटीतल्या फिरत्या दिव्यांवर खिळली. तिनं दोन्ही हात जोडले, आधी पेटीला आणि मग बाईंना.

“यंत्र असं भारी असलं म्हणजे कामात चूक होण्याची भीतीच नाही, नाही का?”

जावईबापूंनी छाती फुगवली. बाईंनी ऑफिससाठी ठेवलेली ओल्या शाईची प्रत फुंकर मारून वाळवली, आणि “जपून जा, पायरी उंच आहे,” एवढंच म्हणाल्या.