एका हाकेला ओ

सातारा स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती आणि आई मला अमेरिकेत कसं वागायचं ते सांगत होती. तिचं माहेर कुंडल, सासर सातारा, त्यापलीकडं बाई कुठं गेलेली नाही. पण सांगायचा थाट बघावा. “परका मुलूख हाय. तिन्हीसांजेला एका हाकंला ओ दिऊ नगंस. माणूस असंल तर तीनदा हाक मारतंय. एकदाच मारून गप बसतंय ते माणूस नसतंय.” मी समुपदेशन मानसशास्त्रात पीएच.डी. करायला निघालेली, मला हसू आवरेना. तेवढ्यात गाडी हलली आणि खालून अण्णांची हाक आली, “सुमे!” मी खिडकीतून अर्धी बाहेर येत ओरडले, “ओ, अण्णा!” मी विसरलेली भडंगाची पिशवी त्यांनी माझ्या हातात कोंबली. मागं आई कपाळाला हात लावून उभी होती.

आमच्या घरात हा घोळ पहिल्यापासूनचा. वडील, म्हणजे अण्णा, फौजेतून रिटायर झाले, मग एमआयडीसीत सिक्युरिटीला लागले. त्यांनी उभ्या जन्मात कुणाला दुसरी हाक मारली नाही. “फौजेत हाक एकदाच. दुसऱ्यांदा पनिशमेंट!” त्यामुळं आईकडून मी शिकले तिसऱ्या हाकेला बोलायचं, आणि अण्णांची पहिली पडली की हातातलं टाकून पळायचं.

तिकडं साताऱ्यात राहिलेले तुम्ही मला विचारता, एवढी वर्षं नक्की करतेस काय गं? ऐकते, दुसरं काय! ज्यांचं माणूस गेलंय, त्यांच्यावर माझं संशोधन. क्लिनिकमधल्या खोलीत त्यांच्यासमोर बसायचं. त्यांच्या परवानगीनं सगळं रेकॉर्ड होतं, सुपरव्हायजर बाई ते बघतात आणि नंतर मी हेडफोन लावून शब्दन् शब्द टाइप करते. पहिल्या वर्षी काय शिकवलं असेल, तर गप्प बसायला. आमच्या गल्लीत माणूस गप्प बसलं की ते रुसलं असं समजायचे. इथं त्याला मार्क मिळतात.

एक आजी माझ्याकडं यायच्या. (त्यांचे तपशील बदललेत, आमच्यात तो नियम आहे.) नवरा गेलेला, पण रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातून त्याची हाक येते म्हणाल्या. तेव्हा तुम्हाला काय वाटतं, असं मी विचारायचं होतं. माझ्या तोंडून निघालं, “किती वेळा?”

आजी खुर्चीत पुढं सरकल्या. “एकदाच. हे विचारायचं तुला कसं सुचलं?”

मला स्टँडवरची आई आठवली. तरी विचारलंच, “मग तुम्ही ओ देता?”

“देते की. नाही दिली तर त्याला वाटेल, घरात कुणी नाही.”

पुढच्या बैठकीत सुपरव्हायजर बाईंनी तिथंच रेकॉर्डिंग थांबवलं. हा प्रश्न कुठून आला म्हणे. आता सातारा स्टँड यांना कुठून समजावू? आमच्याकडची संस्कृती, असं म्हणून सुटले. इथं तेवढ्यावर भागतं.

त्यानंतर अण्णा गेले. मी व्हिसाच्या कागदांत अडकलेली, पोचले नाही. चुलतभावानं मोबाईलवर सगळं दाखवलं. रेंज जायची, चित्र अडकायचं, खांदा दिलेली माणसं जागच्या जागी थांबायची आणि मला वाटायचं, आता अण्णा उठतील. लय राग आला, रेंजचा, शिकण्याचा, सगळ्याचाच.

मग एक दिवस मी त्या आजींचं जुनं रेकॉर्डिंग टाइप करत होते. आजी बोलायच्या थांबल्या. त्या शांततेत कानात आलं, “सुमे!”

मागं नेऊन ऐकलं, तर काही नाही. दोन दिवसांनी दुसऱ्याच माणसाच्या रेकॉर्डिंगमध्ये, तशाच शांततेत, पुन्हा. सुपरव्हायजर बाईंना ऐकवलं, त्यांना हीटरची घरघर तेवढी ऐकू आली. दुःखात असं होतं, हा आजार नव्हे, असं त्या मायेनं म्हणाल्या. मीही सगळ्यांना हेच सांगते. आपल्यावर आलं की शिकलेलं कुठं जातं कुणास ठाऊक! मला भीती एकाच गोष्टीची होती. आईचं खरं धरलं तर ओ द्यायची नाही. पण हाक अण्णांची असली तर? ते काही दुसरी मारणार नाहीत. लेक ऐकूनही गप्प बसली असं समजून जातील, कायमचे.

परवा संध्याकाळी मी आमटीला फोडणी देत होते. कानात हेडफोन नव्हता. पाठीमागून, दाराजवळून हाक आली, “सुमे!” चप्पल काढता काढता मारायचे ना, अगदी तशी.

वळायची छाती झाली नाही. त्या आजी आठवल्या. घरात कुणी नाही असं वाटेल अण्णांना. भिंतीकडं तोंड करूनच मी म्हणाले, “ओ, अण्णा.”

काहीसुद्धा झालं नाही. आमटी उकळत राहिली. मी ओट्याला टेकून पोटभर रडले.

डोळे पुसते तोच फोन वाजला. आई. तिकडं सकाळ झालेली. ती आपणहून कधी फोन लावत नाही, मीच करायचा हे ठरलेलं.

“सुमे, आत्ता तू हितं ओ दिलीस व्हय गं? भायेरच्या सोप्यातनं तुझा आवाज आला.”

दुःखात असं होतं, हे वाक्य अगदी जिभेवर आलेलं. ते गिळलं. “व्हय आई, मीच.”

एका हाकेला बोलले म्हणून आता ही मला फाडून खाणार, असं वाटलं.

“बरं केलंस बाई,” ती म्हणाली. “अण्णा रोज एकदा हाक मारत हुते तुला. पोरगी घरात न्हाई म्हणून मी कितींदा सांगितलं, त्यास्नी पटतच नव्हतं.”