चार बोटांचं जाळं

माझी घरवाली जाऊन वर्ष होत आलंय. लोक म्हणतात, तिच्या आठवणी सांगा. सांगतो एक. म्या फार शिकलेला न्हाय, सुचंल तसं लिवतो.

निजामाचं राज्य होतं. तेरणा नदीत आमी मासे धरायचो, त्यावरच पोट. मोठ्या खवल्याचा खडस मासा तेव्हा लई कमी झालता. म्हणून सरकारनं दवंडी पिटली: जाळ्याच्या एकेका घरातून, म्हंजे भोकातून, चार बोटं गेली पायजेत, म्हंजे खडसाची पिल्लं निसटतील. बारीक घराचं जाळं दिसलं की जाळणार.

हुकूम चांगलाच होता. घरवालीनं जुनं जाळं उसवून पावसाळाभर नवं विणलं. चूक माझी. मापाला काडी करून द्यायची सोडून म्या म्हणलो, "तुझीच बोटं धर." तिची बोटं बारीक.

तालुक्याचा अंमलदार जाळी तपासायला आला. त्याची बोटं केळ्यासारखी. तीनच गेली, चौथं अडकलं.

"जलाव!" म्हणला.

नदीतल्या मासेमारीचा गुत्ता, म्हंजे ठेका, घेतलेला गुत्तेदार शेजारीच हुबा. हसत म्हणला, "बाईनं जाळं न्हाय, चाळण विणलीय, साहेब."

दुसरं जाळं न्हवतं. ते जळालं असतं तर आमी गाव सोडून खडी फोडायलाच गेलो असतो.

घरवाली पदर खोचून पुढं आली. "सरकार, हुकुमात कुणाची बोटं लिवलीत?"

अंमलदारानं कागद काढला. वरून खाली वाचला. कुणाचीच न्हवती.

"मंग एकच माप करा. अन् त्या मापानं ह्या मालकांचंबी जाळं बघा. त्ये बघा तिकडं वाळतंय."

"माझं कशाला?" गुत्तेदार म्हणला. "म्या गुत्ता भरतो!"

"मासा काय गुत्ता बघून मरतो व्हय?"

जमलेले लोक हसले. अंमलदारालाही हसू आलं, पण माणूस सरळ मनाचा निघाला. त्यानं लोकांतून एक मध्यम हाताचा गडी बोलावला, त्याच्या चार बोटांच्या रुंदीएवढी बाभळीची काडी तोडली. आधी आमचं जाळं. काडी घरात जराशी अडली. मग सरकन खाली उतरली. धा ठिकाणी बघितलं, धाही ठिकाणी उतरली.

गुत्तेदाराच्या जाळ्यात काडी आडवीच राहिली. शिवाय बोटाएवढी खडसाची पिल्लं त्यात अडकून वाळलेली. ते जाळं तिथंच जाळलं. गुत्तेदार धुरात खोकत हुबा राहिला. मला वाईट वाटलं न्हाय, खोटं कशाला लिवू?

म्या मटकन वाळूत बसलो. घरवाली जाळं गोळा करत म्हणली, "बसता काय, अवं? धरा तिकडचं टोक."

दुपारी जाळं टाकलं. मोठा मासा एकबी लागला न्हाय, पिल्लं निसटून गेली. ठेचा-भाकरी खाल्ली. पण जाळं आमच्या दारात ओलं टांगलेलं होतं, अन् कितीतरी दिवसांनी दोघं बिनघोर, पोटभर जेवलो.