वारुळाकडची वाट

दुपारची जेवणं उरकली, भांडी घासून झाली आणि मी माजघरात फरशीवर आडवी होते. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली आहे, पागोळ्या गळतायत. पुतणी मयुरी ओटीवर फोनवर बोलते आहे. उद्या सकाळच्या गाडीने ती पुण्याला परत जाणार. तिचे शब्द आधी कळतात, मग नुसता आवाज, मग तोही नाही.

स्वयंपाकघरात वयनी बसलेली दिसते. माझी थोरली जाऊ, मयुरीची आई. चैत्रात गेली. पुढ्यात सागाची पानं पसरून ती अळंब्यांची माती बोटाने पुसते आहे. सुरी तिने अळंब्यांना कधी लावली नाही. मला नवल वाटत नाही, भीती तर नाहीच. एवढंच वाटतं, की हिने चुलीची वाट कशाला अडवली.

"मयुरी इली मा?" ती विचारते.

"इली. आल्या आल्या अळंबी मागल्यान."

"मग घाल."

"खंयसून घालू?"

श्रावणात आमच्याकडे मासळी बंद असते, तेव्हा पानात चव येते ती रानातल्या अळंब्यांनी. माहेरवाशीण अळंबी न खाता परत गेली तर वर्षभर चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी मयुरीला सांगून मोकळी झाले, की यंदा उगवलीच नाहीत. धडधडीत खोटं. उगवली असतील, कुठे, ते मला माहीत नाही.

वयनी उठते, मी मागून जाते. मोरीचं दार उघडतं ते रेशनच्या दुकानात. गावातल्या बायका रांगेत उभ्या आहेत, प्रत्येकीच्या टोपलीवर पान झाकलेलं. कुठून आणलीस, असं कुणी कुणाला विचारत नाही. आमच्यात ते विचारायचं नसतं. सांगायचंही नसतं. घरातल्या थोरलीने धाकटीला नेऊन अळंबी उगवतात ते वारूळ दाखवायचं, की झालं. मलाही वयनीने नेलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात.

रांग पुढे सरकते आणि पायाखाली पाचोळा लागतो. रेशनवाला वजन करतो आहे, पण वरून किंजळीची पानं टपटपतायत. मला ही वारुळाची जागा नको आहे.

"वयनी, हंय नको."

"कित्याक?"

कशाला, ते तिलाही ठाऊक आहे. अठरा वर्षांपूर्वी माझे भाऊ कोल्हापूरहून आले, आणि त्यांच्यापुढे मिरवायला मी एकटीच इथे आले. उमललेल्या छत्र्या वारुळावर सोडायच्या, बारक्या कळ्या पाचोळ्याने झाकायच्या, हा वारुळाचा वाटा. मी वाटा ठेवला नाही. एकूण एक खुडून नेली, भावांनी बोटं चाटली. पुढच्या श्रावणात वारुळावर एक छत्री नव्हती. वयनी एका शब्दाने बोलली नाही. ती एकटी पहाटे जायला लागली, आणि काही वर्षांनी भरल्या टोपलीने परतायला लागली. मी ओळखलं, हिला दुसरं वारूळ मिळालं. ते मला दाखवणार नाही, हेही ओळखलं.

"नवीन वारूळ खंय आसा?" मी शेवटी विचारते. "पोरगी उद्या जातली, वयनी."

"खंयचा नवीन?"

"तुमी इतकी वर्सां अळंबी हाडलास, तां."

"तां ह्यांच गे."

वारूळ पांढरं झालं आहे. छत्र्याच छत्र्या, ओल्या, मातीचा वास येणाऱ्या.

"ह्यां मेलां होतां," मी म्हणते.

"दोन वर्सां गप रवलां. तिसऱ्या वर्सा परत इलां. मेलां म्हणान तुका कोणी सांगल्यान?"

"तुमी माका हाक मारूक नाय."

"मारूक इललंय. पायरेर उभी रवलंय. तू माझ्याकडे पाठ करून बसलंस." ती एका कळीवर पान सरकवते. "मग म्हटलां, हिका नको आसात."

ती रागाने बोलत नाही, हेच मला सोसत नाही. मला लाज वाटते. अठरा वर्षं मी हिला अढी धरणारी समजले, आणि अढी माझी होती. तिच्या हाताला हात लावावा म्हणून मी वाकते, आणि पाचोळा खूप जवळ येतो.

"काकी! पायाक रगत कसला गे?"

मयुरी उंबऱ्यात उभी आहे. घोट्यावरून रक्ताची बारीक धार फरशीवर उतरली आहे, आणि शेजारी जळू पडली आहे, पिऊन टम्म झालेली. आमच्या घरात जळू नसते, अंगणातही नसते. जळवा असतात त्या वारुळाकडच्या वरच्या रानात, आणि तिकडे अठरा वर्षांत मी पाऊल टाकलेलं नाही.

मयुरी चुन्याची डबी घेऊन येते. "खंय फिरान इलंस गे?"

मी घोट्याला चुना लावते. रक्त थांबायचं नाव घेत नाही.

"अळंबी उगवाक नाय म्हटलंय, तां खोटा," मी तिला म्हणते. "पायात चपला घाल. चल, तुका वारूळ दाखवतंय."