झैदानची माती

मुतलकच्या घरात चार पिढ्या कुदळ आहे, पण त्या कुदळीने कुणी शेत केलं नाही. शर्कात गावची ही माणसं बुजलेली शहरं उकरतात. पणजोबांच्या काळी साहेबलोकांना दगडी बैल हवे असत. बैल निघाला की बाकी सगळं कचरा. आजोबांच्या काळी भिंती हव्या झाल्या. कच्च्या विटांची भिंत आणि तिच्यावर पडलेला तिचाच राडारोडा, दोन्ही मातीच. पण आजोबा कुदळीचं टोक टेकवत आणि सांगत, ही उभी आहे, ही पडलेली. मुतलक मुकादम झाला तोवर खुद्द मातीलाच भाव आला होता. ती चाळायची, धुवायची, जळके गव्हाचे दाणे वेगळे काढायचे.

"आजोबांनी राजवाडे काढले, मी पीठ चाळतोय," तो गड्यांना म्हणे. "माझ्या पोराला, शिहाबला, वारा पोत्यात भरायला सांगतील."

त्या वर्षी मोसुलच्या वर धरणाची भिंत चढत होती. खोरं बुडायच्या आत जेवढं निघेल तेवढं काढायचं, म्हणून टेकाडा-टेकाडावर खोदकाम चाललं होतं. मुतलकच्या टेकाडाच्या उतारावर खालच्या गावाचं कब्रस्तान होतं. गाव उठून वरच्या माळावर चाललं होतं आणि मौलवींनी परवानगी दिल्यामुळे लोक आपापले मुडदेही हलवत होते.

खोदकामावरच्या माणसांच्या रोट्या उम्म झैदान भाजून आणायची. पहिल्या मुलाचं नाव आईबापांना चिकटतं; आई उम्म, बाप अबू. झैदान रांगायला लागायच्या आतच तापाने गेला, पुढे दुसरं मूल झालं नाही, नवराही गेला; पण गाव तिला झैदानची आई म्हणूनच हाक मारत राहिलं.

"अबू शिहाब, तुझ्याकडे काम आहे."

"रोटी करपली असेल तर मी काही बोलणार नाही."

"तू? न बोलता राहशील?" टोपली खाली ठेवून ती म्हणाली, "झैदानला वर न्यायचंय. त्याच्या कबरीचा दगड कुणीतरी चुलीला नेला. उतारावरच्या बाभळीच्या वर होता, एवढं आठवतं. बाभूळही राहिली नाही आता."

मुतलकने कितीतरी सांगाडे हलक्या हाताने उचलले होते; पण ज्याची आई रोज समोर येते, असा एकही नाही. सापडलाच नाही तर हिला काय सांगायचं? आणि भलताच सापडला तर? त्याने विचार करतो म्हणून सांगितलं आणि तो खोदकामाच्या प्रमुख डॉक्टर सुहैलाकडे गेला.

"शुक्रवारी सुट्टी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ब्रश मीही आणते."

शुक्रवारी दोघांनी उताराचा तो तुकडा खरवडून सपाट केला आणि त्यावर पाणी शिंपडलं. खणून पुन्हा भरलेली जागा कायम पोकळ राहते, पाणी धरते. ऊन चढलं तसं आजूबाजूचं वाळलं आणि मधे एक लांबट डाग ओला राहिला. हातभर.

उम्म झैदान लांब बसली होती. मुतलक ब्रशने माती काढत खाली गेला. तळाला हाडं नव्हती. एवढ्या कोवळ्या हाडांचा त्या ओल्या उतारावर पार चुना होऊन जातो. फक्त मातीचा रंग किंचित फिका, कुशीवर झोपल्यासारखा वळलेला. काढलेली माती त्याने सवयीने चाळणीत टाकली. चाळणीत निळा मणी राहिला.

तो तिने लांबूनच ओळखला. "कफनात मीच टाकला होता. नजर लागू नये म्हणून. मौलवींना सांगू नकोस."

"मौलवींना माहीत नाही असं तुला वाटतं?" मुतलक तिच्याजवळ जाऊन बसला. "उम्म झैदान, खोटं सांगत नाही. हाडं राहिली नाहीत. मणी आहे, आणि माती."

"माती त्याचीच ना?"

"त्याचीच. शेजारची नाही."

"मग ती ने."

माती टोपलीत भरली तर ती नुसतीच माती होते. मुतलकने तो डाग चारी बाजूंनी कोरून ठोकळ्यासारखा मोकळा केला, मणी होता तिथे ठेवला, ओलं फडकं गुंडाळून वर जिप्समचा लेप दिला. विरघळायला आलेला जुना हस्तिदंत उचलायची हीच रीत आहे. लेप घट्ट झाल्यावर खालून फळी सरकवली.

"वर बाण काढा, उत्तरेचा," डॉक्टरबाई सवयीने म्हणाल्या.

"उत्तर नको, बाई. काबा." मुतलकने कोळशाने बाण ओढला. वर माळावर ठेवताना तोंड चुकायला नको.

मुतलक आणि गावातले तिघे, अशा चौघांनी फळी उचलली. चढावर मुतलकला धाप लागली.

"हळू रे, जड आहे," तो मागच्यांना म्हणाला.

उम्म झैदान फळीला हात लावून शेजारून चालत होती. "चौघं लागतात तुम्हाला," ती म्हणाली. "मी याला एका कडेवर घेऊन नदीवर जायचे. दुसऱ्या कडेवर घागर."