खडूची फुली

पेडवार्डिन गाडीच्या रंगीत पुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलंय, की या गाडीत माणसांचं प्रेम ओतलेलं असतं. ती पुस्तिका लिहिणारा लंडनहून आला होता. अर्धा दिवस आमच्या शेडमध्ये फिरला, दोन कप चहा प्याला आणि गेला. मी त्या शेडमध्ये लाकडाच्या गोदामावर एकतीस वर्षं काढली. प्रेम कुठल्या कपाटात ठेवलेलं असतं ते मला कधी दिसलं नाही. मला दिसलं ते वैर. चांगलं मुरलेलं, रोज तेलपाणी केलेलं वैर, सेप्टिमस ऊर्फ सेप बफ्टन आणि ऑल्विन प्रीस यांचं.

आमचं गाव टीम नदीच्या वळणावर आहे. एका बाजूला बिअरमध्ये घालायच्या हॉप्सचे वेल, दुसऱ्या बाजूला सफरचंदाच्या बागा, आणि मधल्या चढावर विटांच्या पाच शेड एकामागे एक उतरत गेलेल्या. वरच्या शेडमध्ये लाकूड शिरतं आणि खालच्या शेडमधून गाडी बाहेर पडते, कारण पहिल्या मालकाकडे घोडे थकलेले होते आणि उतारावर सांगाडा हातानं ढकलता यायचा. हा पहिला मालक, अँब्रोज पेडवार्डिन, शेतगाड्या आणि शवपेट्या करायचा. पहिलं मोठं युद्ध संपलं, शवपेट्यांची मागणी कमी झाली, तेव्हा त्यानं एका हलक्या गाड्याला मोटरसायकलचं इंजिन लावलं. चाकं तीनच ठेवली, कारण तीन चाकांवर कर कमी बसायचा. पुढे चौथं चाक आलं. दुसऱ्या युद्धात गाड्या बंद आणि दारूगोळ्याच्या पेट्या सुरू. मग अमेरिकेतून मागणी आली, मग ती आटली. तीनदा फाटकाला कुलूप लागता लागता राहिलं. या सगळ्या काळात गाडीचा आकार बदलला नाही, कारण नवे साचे करायला कधी पैसेच नव्हते. पुस्तिकेत त्याला परंपरा म्हणतात.

गाडी कशी आहे म्हणाल, तर पावसात डाव्या गुडघ्यावर गळते. मागच्या जागेत एक पाव आणि एक छत्री मावते, पाव लहान असला तर. दहा मैलांत कंबर बोलायला लागते. तरी लोक तिच्यासाठी आठ आठ वर्षं थांबतात. दातांचे डॉक्टर, वकील, निवृत्त वैमानिक, दर उन्हाळ्यात फाटकाशी येऊन उभे राहतात आणि देवळात आल्यासारखे हळू बोलतात. सेप त्यांना लाकडाच्या भुशाइतकीही किंमत द्यायचा नाही. एकदा एकानं विचारलं, "या गाडीत एवढं काय आहे हो, की माणसाला दुसरी नकोशी होते?" सेप रंध्यावरून मान न उचलता म्हणाला, "तुम्हाला कळत असतं तर तुम्ही रेल्वेनं आला असता." तो माणूस घरी जाऊन हे सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटला.

सेप सांगाडा करायचा. आमच्या गाडीच्या अंगात लाकूड असतं, ॲश नावाच्या झाडाचं. ते वाकतं, धक्का पितं, आणि सुकवून वापरलं तर दोन पिढ्या टिकतं. सेपचा सांगाडा दुसऱ्या शेडमध्ये जायचा आणि तिथं ऑल्विन त्यावर पत्रा चढवायची, हातोड्यानं ठोकून ठोकून, सपाट पत्र्याला मडगार्डचा बाक येईपर्यंत. दोघांची बाकं एका पातळ भिंतीच्या दोन बाजूंना होती, आणि त्या भिंतीला दार कधीच नव्हतं, नुसती मोकळी चौकट.

शेडची एक जुनी रीत आहे. कामात पुढचा जो, त्याला मागच्याचा दोष दिसला तर तो तिथं खडूनं फुली मारतो. तोंडानं काही सांगायचं नाही. ज्याचा दोष त्यानं तो शोधायचा, आपल्या वेळात दुरुस्त करायचा. आणि फुली पुसायची ती ज्यानं मारली त्यानंच. फुली असलेली गाडी फाटकाबाहेर जात नाही, मालकाची असली तरी.

ऑल्विन आधी गाद्या शिवायच्या खात्यात होती. पत्रा ठोकणाऱ्या तिच्या बापाची बोटं गेली तेव्हा ती त्याच्या बाकावर आली. पत्र्याच्या कामावर बाई, हे त्या शेडनं पाहिलं नव्हतं. तिनं ठोकलेलं पहिलं मडगार्ड सेपनं हातात घेतलं, सगळ्यांसमोर उजेडात फिरवलं आणि म्हणाला, "हे हातोड्यानं केलंय का बटाटे फेकून?" आणि फुली मारली. सांगाडेवाल्याला पुढच्या कामावर फुली मारायचा अधिकार नाही. ही रीतीविरुद्ध गोष्ट होती, सगळ्यांना माहीत होती, आणि कुणी बोललं नाही. ऑल्विननं मडगार्ड उचललं, रात्री घरी नेऊन पुन्हा ठोकलं. सकाळी आली, सेपच्या सांगाड्यावर पोलादी पट्टी ठेवली, केसभर फट शोधली, आणि त्यावर तळहाताएवढी फुली मारली.

तेव्हापासून बावीस वर्षं दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. एकमेकांबद्दल मात्र बोलायचे, मधल्या चौकटीतून ऐकू जाईल असं.

"कुणीतरी आज छिन्नीला धार लावायला विसरलेलं दिसतंय," ऑल्विन.

"कुणीतरी जेवणाचा डबा ठोकतंय की गाडी, कळेना," सेप.

वर्षं गेली तशा फुल्या कमी झाल्या. फुलीची संधी समोरच्याला मिळू नये म्हणून सेप एकेक सांधा चार चारदा तपासायचा आणि ऑल्विन डोळे मिटून बोटांनी पत्रा वाचायची. त्या बावीस वर्षांत आमच्या शेडमधून ज्या गाड्या गेल्या तशा आधी गेल्या नव्हत्या. दार लावलं की मऊ एक आवाज यायचा, जड पुस्तक मिटल्यासारखा. लोक तो आवाज ऐकायला दारं उघडझाप करायचे आणि डोळे पुसायचे. पुस्तिकावाल्यानं त्यालाच प्रेम म्हटलं.

अलीकडे सेप टोमण्यांना उत्तर द्यायचा थांबला होता. आम्हाला वाटलं, म्हातारपणानं गर्व वाढला.

मागच्या सप्टेंबरात ऑल्विनचं मनगट संपलं. गुरुवारी तिला निरोप होता. केक आणला होता, तिनं कापला आणि खाल्ला नाही. नवे व्यवस्थापक हॅलेटसाहेब दोन शब्द बोलले, त्यातला एक पुन्हा प्रेम होता. तिनं ॲप्रन घडी करून बाकावर ठेवलं, हातोडा पिशवीत टाकला आणि गेली. सेप आपल्या बाकावर पाठ करून बसला होता.

शुक्रवारी सकाळी आम्हाला खडू दिसला. ऑल्विननं पत्रा चढवलेल्या शेवटच्या गाडीवर, उजव्या दाराचा खांब अजून उघडा होता तिथं, स्वच्छ पांढरी फुली.

सेपनं पट्टी लावली. खांब सरळ. गुण्या लावला. काटकोन बरोबर. सांधे पाहिले, भिंगातून पाहिले. वाकून, झोपून, आरसा धरून पाहिले. सोमवार गेला, मंगळवार गेला. तीन दिवसांत माणूस तीन वर्षांनी खंगला. पुढच्या वर्षी त्यालाही घरी जायचं होतं, आणि बावीस वर्षांत न सापडलेला असा एकही दोष त्याच्या नावावर नव्हता.

हॅलेटसाहेब आले. "बफ्टन, गाडी शुक्रवारी रंगाला जायचीय. हॉलंडात उट्रेक्टचे डॉक्टर तिच्यासाठी आठ वर्षं थांबलेत."

"फुली आहे साहेब."

"अहो, ती बाई गेली. खडू आहे, फडक्यानं पुसून टाका." त्यांनी खिशातून रुमाल काढला.

सेपनं लाकडी मोगरी उचलली. मारली नसती. पण हॅलेटसाहेबांनी रुमाल परत खिशात ठेवला आणि म्हणाले, "शुक्रवारपर्यंत सोडवा. नाहीतर तुम्हीही घरी बसा. दुसरे सांगाडेवाले मिळतात."

बुधवारी दुपारी सेप गोदामात आला. "गिल्बर्ट, चल."

"कुठं?"

"त्या बाईकडे. मी तिच्याशी बोलणार नाही. तू विचार."

"आणि तू काय करणार?"

"मी उभा राहीन."

ऑल्विन परसात शेंगा तोडत होती. आमची चाहूल लागली तरी तिनं मान वळवली नाही.

"ऑल्विन," मी म्हणालो, "सेप विचारतोय, फुली कशाची?"

"त्याला म्हणावं, शोध."

"तो म्हणतोय, तीन दिवस शोधलं. तू खुन्नस म्हणून मारलीस."

ती पाठमोरीच राहिली. टोपलीत शेंगा टाकत, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "सेप बफ्टन, तू भित्रा आहेस, लबाड आहेस, आणि तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला सांगाडा माझ्या बापानं सुधारून दिला होता."

मी दचकून सेपकडे पाहिलं. हे शेवटचं वाक्य त्याला ऐकवायची हिंमत गावात कुणाची नव्हती. सेप शांत उभा होता. त्याची नजर टोपलीवर होती.

ऑल्विन वळली. "बघितलंस, गिल्बर्ट?"

मला कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम कळलं: सेपला ऐकूच येत नव्हतं, समोरून बोललं की तो ओठ वाचत होता.

ती सेपच्या समोर येऊन उभी राहिली, तोंड त्याच्या तोंडासमोर, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलली. "खांब वाजवून बघितलास?"

"बघितला."

"काय ऐकलंस?"

सेपनं नुसती मान हलवली.

"बद्द वाजतोय तो. मी पत्रा ठोकताना मला कळलं. आत कुजलाय. वरून सुंदर आहे, तुझ्या सगळ्या कामासारखा." मग माझ्याकडे बघून, "आणि फळी कुणी दिली?"

फळी मी दिली होती. आमच्याकडच्या ॲशच्या झाडांना काही वर्षांपासून रोग लागलाय, शेंड्याकडून झाड मरत येतं. मी ओंडके निवडून घेत होतो. हा सुटला. पण प्रत्येक तुकडा बोटाच्या पेरानं ठोकून ऐकायचा, ही सांगाडेवाल्याची पहिली शिकवण. सेप ठोकत होता. ठोकायचा, कान लावायचा, मान हलवायचा आणि तुकडा सांगाड्यात बसवायचा. मी रोज बघत होतो.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"दोन वर्षं," सेप म्हणाला.

"माझ्या हातोड्यानं?"

"मग कुणाच्या? इतकं कर्कश दुसरं कोण ठोकायचं?"

"बरं झालं," ऑल्विन म्हणाली. "कुठंतरी तरी परिणाम झाला." आणि शेंगांकडे वळली. "आता जा. माझ्या वाफ्यावर उभा आहेस."

सेप माझ्यापुढे भराभर चालत राहिला. गोदामात आला, दार लावून घेतलं. मला वाटलं रडेल. त्यानं एक फळी उभी केली, तिला जबड्याचं हाड टेकवलं आणि पेरानं ठोकलं. डोळे मिटले. पुन्हा ठोकलं. "आवाज नाही," म्हणाला, "पण थरथर येते." दुसरी घेतली. अकरा फळ्या त्यानं बाजूला काढल्या. त्यातली एक मला खणखणीत वाटली होती.

"ही चांगली आहे, सेप."

"काप."

मी कापली. मधोमध तपकिरी डाग, बोटभर लांब.

बाराव्या फळीवर त्यानं जबडा बराच वेळ ठेवला. तीच घेतली. गुरुवारी दिवसभर खांब बसवला. जुना खांब काढताना पोटातून भुसा सांडला, आणि सेपनं तो तळहातावर घेऊन माझ्यासमोर धरला.  मी आजही तो तळहात विसरलो नाही.

शुक्रवारी ऑल्विन आली, चर्चला जायच्या कोटात. जुना खांब तिथंच बाकावर ठेवला होता, फुलीसकट. तिनं नवा खांब ठोकला, वर, मध्ये, खाली. ऐकलं. मग जुन्यावरची फुली तळहाताच्या कडेनं पुसली आणि हात कोटाला पुसला. हॅलेटसाहेब दारात होते, त्यांनी श्वास सोडला. "छान. मग रंगाच्या शेडमध्ये न्यायला हरकत नाही."

सेपनं कानावरचा खडू काढला. गाडीला वळसा घातला, डाव्या मडगार्डवरून तळहात फिरवला, आणि तिथं फुली मारली.

हॅलेटसाहेबांचा हात पुन्हा रुमालाकडे गेला.

"हे काय?" ऑल्विन म्हणाली.

"फुली."

"सांगाडेवाल्याला तो अधिकार नाही."

"बावीस वर्षांपूर्वीही नव्हता."

"कुठं आहे दोष?"

"शोध."

तिनं मडगार्डवर बोटं फिरवली. एकदा, दोनदा. चेहऱ्यावर काही कळू दिलं नाही. दोष होता की नव्हता, ते मी दोघांनाही विचारलं नाही.

हॅलेटसाहेबांनी उट्रेक्टला फोन लावला, माफी मागितली, महिनाभर उशीर होईल म्हणाले. पलीकडून डॉक्टरांचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. चिडला नव्हता माणूस. विचारत होता, फुलीचा फोटो पाठवाल का. असल्या लोकांना आम्ही गाड्या विकतो.

सोमवारी ऑल्विन मनगटाला पट्टा बांधून, पिशवीत हातोडा घेऊन आली आणि आपल्या बाकावर बसली. तिनं पहिला ठोका घालायच्या आत पलीकडे सेप उठला, चौकटीत तिला दिसेल असा उभा राहिला आणि दोन्ही कानांत कापूस घातला.